२३ नकारांची खतावणी

*पत्र, थोडक्यात:* ताई, माझं वय २७. गाव धाराशिव जिल्ह्यात. लातूरला डिप्लोमा, मग पुण्यात मेकॅनिकलची डिग्री, २०२१ ची बॅच. लोक हसून जिला 'कोविड बॅच' म्हणतात, तीच. चाकणला ठेकेदारामार्फत क्वालिटीत काम करतो, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. दोन वर्षांत २३ नकार पचवले, वहीत मोजून ठेवलेत. माझं आडनाव ऐकलं की लोकांना काय ते कळतं. काका म्हणतात, रडगाणं बंद कर, ॲटिट्यूड बदल, सगळं आपल्या हातात असतं. गावाकडचा मित्र म्हणतो, आपल्याला ही माणसं कुठंच घेणार नाहीत, उगाच बुटांना पॉलिश करत बसू नको. दोघांतलं कोण खरं? एका वाक्यात सांगा. (नाव गाळावं, नऱ्हे)

एका वाक्यात जमलं असतं तर हे सदर केव्हाच बंद पडलं असतं. तुमचं मूळ पत्र आठ पानांचं आहे, वर त्यातलं अर्धं पानही आलेलं नाही. उरलेली साडेसात पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण मला द्यायचं ते उत्तर बरंचसं तुम्हीच त्यांत लिहून ठेवलंय.

आधी माझ्याबद्दल. भोसरीच्या एका कारखान्यात मी २७ वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. पुढे त्याला एचआर म्हणायला लागले, खुर्च्या मात्र त्याच राहिल्या. शेकडो मुलाखतींना मी टेबलाच्या पलीकडे बसलेय. शिवाय माझं आडनाव दारं उघडणारं आहे. पुण्यात भाड्यानं घर बघताना 'मूळचे कुठले?' हा प्रश्न मला कधी कुणी दोनदा विचारलेला नाही. त्यामुळे मी वृत्तीबद्दल काही बोलायला लागले की तुम्ही संशयानं ऐकाल. तसंच ऐका.

काकांचं आधी उरकते. त्यांनी तुम्हाला तो व्रणाचा व्हिडिओ पाठवला म्हणता. मलाही महिन्यातून एकदा कुणीतरी पाठवतंच. प्रयोग खरा आहे. क्लेक आणि स्ट्रेंटा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो १९८० साली प्रसिद्ध केला. माणसांच्या गालावर रंगानं व्रण काढला, आरशात दाखवला, आणि मग 'रंग तडकू नये म्हणून क्रीम लावतो' असं सांगून गुपचूप पुसून टाकला. ती माणसं कोऱ्या गालानं दुसऱ्याशी गप्पा मारून आली आणि म्हणाली, समोरच्याची नजर सारखी व्रणावर होती. काकांच्या मते याचा अर्थ असा, की सगळे मनाचे खेळ. पण काका, त्या प्रयोगात व्रण आधी पुसला होता. आडनाव कोण पुसून देतं?

मित्राच्या बाजूनं पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००५ च्या ऑक्टोबरपासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. नोकऱ्या खासगी, पात्रता सारखी, फरक फक्त नावांत. पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानानं दलित नावाला दोन तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. २००७ साली हे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आलं. त्या अर्जांमागे माणूसच नव्हता, मग त्याचा ॲटिट्यूड कुठून येणार? तेव्हा 'सगळं आपल्या हातात असतं' हे वाक्य काकांना साभार परत करा.

तरीही मित्राचा 'कुठंच' हा शब्द मी खोडणार आहे. खोडायला पुरावा तुमच्याच वहीत आहे.

वाण्याच्या दुकानात दोन वह्या असतात हे तुम्हाला माहीत असेल. दिवसभराचं सगळं जिच्यात सरळ उतरतं ती रोजकीर्द. संध्याकाळी तेच नावनिशीवार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचं ती खतावणी. तुमची वही नुसती रोजकीर्द आहे. २३ नोंदी एकाखाली एक, आणि सगळ्यांच्या पुढे एकच शेरा: 'जात.' मी पेन्सिलीनं त्यांची खाती पाडली. पोर्टलवर केलेले आणि उत्तर न आलेले अर्ज ११. ऑनलाइन परीक्षेत गेलेल्या ४. प्रत्यक्ष मुलाखती ५. उरल्या तीन नोंदी: एक खोलीमालक, एक रूमवरची पोरं, एक मुलगी. मुलीलाही तुम्ही नोकरीच्याच ओळीत बसवलंय!

अकरा अर्जांपैकी सात जागांना पाच वर्षांचा अनुभव हवा होता, हे तुम्हीच लिहिलंय. तुमचा आहे तीन वर्षांचा, तोही ठेकेदाराच्या लेटरहेडवर. तिथं छाननी करणाऱ्याची नजर आडनावापर्यंत पोचलीही नसेल. राहिलेल्या चार अर्जांचं मला सांगता येत नाही. थोरातांचा अभ्यास बघता त्यांतला एखादा आडनावानं गेला असणं अगदी शक्य आहे. पण तो कोणता, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. नकाराचा हाच प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो. आरोपी नाही, साक्षीदार नाही, आणि माणूस रात्री स्वतःच वकील नि स्वतःच न्यायाधीश होऊन बसतो.

परीक्षांचं खातं वेगळं. कटऑफ ६०, तुमचे ५२, ५५, ४९, ५७. गणितात गुण बरे, इंग्रजी उताऱ्यात वेळ संपला. इथंही अन्याय आहेच. सरकारनं २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, पण ते शिकवायला तुमच्या शाळेत जे गुरुजी होते त्यांनाच ते परकं होतं, असं तुम्ही लिहिता. मात्र हा त्या कंपनीनं केलेला अन्याय नाही, आणि चौघांपैकी कुणाला तुमचं तोंडही दिसलेलं नाही. ५७ पासून ६० पर्यंतचं अंतर रोज एक उतारा घड्याळ लावून वाचला तर दोन-तीन महिन्यांत तुटायला हवं. शाळेनं बुडवलेलं भरून काढायचं काम तुमच्यावर पडतंय हे बरोबर नाही, हे मला कळतं. पण शाळा आता ते भरून देणार नाही.

आता मुलाखती. माझ्या पेन्सिलीचं टोक इथंच मोडलं.

पाचपैकी एक जागा 'होल्ड'वर गेली, तुमच्यासोबत आणखी दोघांना तोच मेल आला. एक जागा तुम्ही स्वतःच सोडलीत, दोन वर्षांचा बाँड होता म्हणून. ती नकारात का धरली? बाँड नाकारलात ते मला पटलं, पण तो नकार तुम्ही दिलाय.

राहिल्या तीन. पहिलीत समोरच्यानं व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, पुढे सरकवला आणि विचारलं, "याचा लीस्ट काउंट किती?" तुम्ही म्हणालात, "एवढं तरी येतं आम्हाला, सर." तो हसला, शेजाऱ्याकडे वळला, आणि पुढे फारसं काही झालं नाही.

क्वालिटीच्या मुलाखतीतला हा प्रश्न म्हणजे एसटीत चढल्यावर कंडक्टरनं 'कुठं?' म्हणावं तसा. चढणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. चांगल्या कॉलेजची एमटेक झालेली पोरं इथं अडखळलेली मी बघितलीत. त्या पट्टीनं लहानात लहान किती माप मोजता येतं, एवढंच विचारलं होतं. उत्तर होतं 'शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटर', तीन सेकंदांचं काम. पण मी अडले ती 'आम्हाला' या शब्दावर. प्रश्न तुम्हा एकट्याला होता, उत्तर गेलं सगळ्या समाजाच्या वतीनं. हा 'आम्हाला' आला कुठून, ते मला पान तीनवर सापडलं. आठवीत गणिताचे मास्तर भर वर्गात म्हणाले होते, "तुम्हाला कशाला पाहिजे गणित, तुमच्या जागा राखीवच आहेत." त्या दिवशी तुम्ही खाली मान घालून बसलात. द्यायचं होतं ते उत्तर त्या मास्तरांना. तेरा-चौदा वर्षांनी ते मिळालं चाकणच्या एका क्वालिटी मॅनेजरला, आणि त्याला बिचाऱ्याला कळलंही नाही की हे आपल्याला का सांगतायत.

दुसऱ्या मुलाखतीत तुम्हाला विचारलं, "ॲडमिशन कुठल्या कोट्यातून?" खासगी कंपनीत, डिग्री हातात आल्यावर, तीन वर्षं काम केलेल्या माणसाला. हा प्रश्न अपमान करण्यासाठीच असतो, त्याचा दुसरा उपयोग मला तरी ठाऊक नाही. इथं तुमच्या वृत्तीत शोधण्यासारखं काही नाही. पुन्हा कुणी विचारलंच तर एवढंच म्हणा: "कॅप राउंडमधून, सर. फायनल इयरचा प्रोजेक्ट सांगू का?" कॅप म्हणजे इंजिनीअरिंग प्रवेशाची सरकारी सामाईक फेरी, त्यामुळे ते खरंही आहे, आणि चेंडू तुमच्या मैदानात येतो. घरी आल्यावर तारीख, वेळ, विचारणाऱ्याचा हुद्दा आणि प्रश्नाचे नेमके शब्द लिहून ठेवा, हवं तर एचआरला चार ओळींचा मेलही करा. त्यातून फार निघेल असं आश्वासन मी देत नाही. राज्यघटनेतलं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे, खासगी भरतीत जातीवरून डावललं हे सिद्ध करून दाद मिळवणं फार अवघड आहे. चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. 'कळवतो' म्हणून न कळवणं त्यात बसत नाही.

तिसरी मुलाखत सात मिनिटांची. साहेब फोनमध्ये बघत होते, तुम्ही अडखळलात, शेवटी 'कॉन्फिडन्स कमी आहे' म्हणाले. तुम्ही विचारता, यात चूक कुणाची?

याचं उत्तर द्यायला मला माझीच एक गोष्ट सांगावी लागणार, आणि ती सांगायला बरी नाही.

१९९९ च्या आसपास आमच्याकडे ज्युनिअर इन्स्पेक्टरची एक जागा होती आणि शेवटपर्यंत दोन मुलं टिकली होती. एक पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजचा, दुसरा परभणीकडचा. मार्कांच्या तक्त्यात चार रकाने: तांत्रिक ज्ञान, अनुभव, संवाद आणि 'एकंदर प्रभाव'. शेवटचा रकाना २० गुणांचा. ड्रॉइंग वाचायला दिलं तेव्हा परभणीकडच्या मुलानं आमच्याच ड्रॉइंगमधली टॉलरन्सची, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल त्याची, चूक दाखवली. पहिल्या तीन रकान्यांत तो पाच गुणांनी पुढे होता. दोघं बाहेर गेले, चहा आला. प्रॉडक्शनचे साहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण आपल्यात बसेल का?" आपल्यात म्हणजे कुणात, हे कुणी विचारलं नाही. एकंदर प्रभाव: पहिल्याला १८, दुसऱ्याला ९. पाच गुणांनी पुढे असलेला मुलगा चार गुणांनी मागे पडला. तक्त्यावर तीन सह्या होत्या आणि तिसरी माझी.

संध्याकाळी बसमध्ये माझ्या लक्षात आलं, पहिल्याला आम्ही सगळ्यांनी 'तुम्ही' म्हटलं होतं आणि दुसऱ्याला 'तू'. वयं सारखीच. मीही विचारलं होतं, "तुझं गाव कुठलं रे?" मायेनं विचारलं असं तेव्हा वाटलं होतं. वयानं माझ्या मुलाएवढे असूनही मी तुम्हाला अहो-जाहो का करतेय, ते आता कळलं असेल.

त्या खोलीत त्या मुलाला काय करता आलं असतं? काहीही नाही. बूट चकाकत असते, इंग्रजी फर्डं असतं, हसतमुखानं बसला असता, तरी 'एकंदर प्रभाव' आमच्या पेनात होता. ज्यांना 'आरशात बघा' म्हणायची हौस आहे, त्यांना मी हा तक्ता दाखवला असता, माझ्याकडे असता तर.

आणि तरीही त्या 'तू'चा परिणाम त्याच्यावर होत होताच. पहिला मुलगा खुर्चीत मागे रेलून बोलत होता, दुसरा कडेवर बसला होता. यावरही प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या वर्ड, झॅना आणि कूपर यांचा तो अभ्यास १९७४ साली आला. त्यात आढळलं, की गोरे मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारापासून खुर्ची जरा लांब ठेवतात, मुलाखत लवकर आटपतात, बोलताना जास्त अडखळतात. मग त्यांनी उलटं करून पाहिलं. मुलाखतकारांना शिकवून काही गोऱ्या उमेदवारांशी मुद्दाम तसंच वागायला सांगितलं. खुर्ची लांब, घाई, तुटक बोलणं. त्या गोऱ्या उमेदवारांच्याही मुलाखती पडल्या, तेही बिचकले.

म्हणजे खुर्ची आधी सरकते, माणूस मग आखडतो, आणि तक्त्यावर लिहिलं जातं फक्त 'आखडलेला आहे'. काका तेवढंच वाचतात. मित्राला फक्त सरकलेली खुर्ची दिसते. त्या सात मिनिटांत दोन्ही झालं असावं. फोनमधून डोकं वर न काढणं ही साहेबांची बदमाशी, पण तुमचं अडखळणं ही तुमची लायकी नव्हे. त्यावर इलाज करता येतो, हे मात्र खरं. रंगीत तालीम करताना मित्राला मुद्दाम फोनमध्ये बघायला सांगा. समोरचा ऐकत नसताना बोलत राहायची सवय अंगात मुरवावी लागते. कीर्तनकाराला विचारा, निम्मा मंडप पेंगत असतो.

पान सहावर याहून मोठी गळती आहे. चाकणला लॉट परत येत होता. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजची 'गो' बाजू, म्हणजे चांगल्या भोकात जायलाच हवी ती, झिजलीय, त्यामुळे लहान भोकंही पास होतायत, हे तुम्ही शोधलंत. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "हा नसता तर आपली अब्रू गेली असती." पुढच्या ओळीत तुम्ही लिहिता, "गोड बोलून राबवून घेतात." ही ओळ मला बोचली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली असंच काहीसं मोजलं होतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एका गोऱ्या माणसाचा अभिप्राय दिला. काहींना सांगितलं होतं की तो तुम्हाला काचेतून बघतोय, काहींना सांगितलं होतं की पडदा ओढलेला आहे. तो आपल्याला बघतोय असं ज्यांना वाटलं, त्यांना वाईट अभिप्राय कमी लागला. हा माणूसच असा, म्हणून सोडून देता आलं. पण त्यांना चांगला अभिप्रायही लाभला नाही, उलट त्यानंतर स्वतःबद्दलचं मत घसरलं. म्हणजे नकाराच्या पुढे 'जात' हा शेरा मारला की नकार बोथट होतो, ही त्या शेऱ्याची खरी ताकद आहे, आणि मी ती तुमच्याकडून हिसकावून घेणार नाही. पण त्याच शाईनं कौतुकही खोडलं जातं. तुमच्या वहीत २३ नकार आहेत, गेजची नोंद कुठंच नाही.

रूमवरच्या पोरांचं. पहिल्याच महिन्यात 'काय करायलास' म्हणून तुमच्या बोलीची नक्कल करून हसले, इथपर्यंत दोष त्यांचा. पुण्यात बोलीवरून हसण्याची मस्ती फार जुनी आहे, ती मी इथंच वाढून पाहिलीय. पुढचं तुमच्याच शब्दांत: राजगडला चार वेळा बोलावलं, तुम्ही चारही वेळा गेला नाहीत. एकदा शिफ्ट होती, तीनदा "तुमच्यासारखे पैसे उडवायला नाहीत आमच्याकडं." पाचव्या वेळी बोलावलं नाही. पाचव्यांदा कोण बोलावेल? मग त्यांनी नवा फ्लॅट बघितला आणि तुम्हाला महिन्याच्या २८ तारखेला सांगितलं. हा हलकटपणा आहे. जातीतून आलेला की नुसताच, ते पत्रावरून मला कळत नाही, आणि तुम्हालाही नक्की कळतंय असं वाटत नाही. पण त्यांतला सांगलीचा मुलगा लाइट बिलाचे पैसे द्यायला परत आला, दहा मिनिटं दारात उभा राहिला, 'मी आत ये म्हटलं नाही', असं तुम्ही लिहिलंय. आठ पानांत मला सगळ्यांत जास्त तो दिसला, चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर थांबलेला. बिलाचे पैसे फोनवरूनही पाठवता येतात.

मुलीचं दोन ओळींत. तिनं नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. ती भरतीची जाहिरात नव्हती, तिनं कारण देणं लागत नाही. वहीतून ती नोंद काढा.

खोलीमालकाचं खातं अगदी स्वच्छ आहे. सकाळी फोनवर खोली रिकामी, आडनाव सांगितलं की 'फॅमिलीलाच देतो'. ही नोंद लाल शाईनं लिहा, तिच्याजवळ तुमची काहीही चूक शोधू नका, कुणी शोधायला लागलं तर उठून जा.

तुम्ही पत्रात बाबासाहेबांचं बडोद्याचं उदाहरण दिलंय, 'त्यांनाही घर मिळालं नाही' म्हणून. दिलंत ते बरं झालं. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हाची ती हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. ती पुन्हा वाचा, पण यावेळी ती कशी लिहिलीय ते बघत वाचा. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, भाडं दिवसाला दीड रुपया, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी आले. मग ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. रात्रीची गाडी येईपर्यंत पाच तास काढायचे म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. कुणाचा नकार कुणाच्या खात्यावर ढकललेला नाही. पारशाचा पारशाच्या, हिंदूचा हिंदूच्या, ख्रिस्त्याचा ख्रिस्त्याच्या. 'सगळे सारखेच' म्हणून मोकळं व्हायचा अधिकार त्या माणसाइतका कुणाला होता? शंभर वर्षांनीही ती हकीकत कुणाला खोडता येत नाही, ती या बारकाव्यांमुळे.

तेव्हा तुमच्या वहीला पाच रकाने पाडा. तारीख. समोर कोण. तो काय बोलला, त्याच्याच शब्दांत. मी काय बोललो, माझ्याच शब्दांत. आणि पाचवा, मला काय वाटलं. पाचव्यातलं तिसऱ्यात जाऊ द्यायचं नाही, बाकी काही नियम नाही. गेजची गोष्ट पहिल्या पानावर लिहा.

मग त्या सुपरवायझरांना गाठा. चाकणमधल्या कितीतरी जागा पोर्टलवर येतच नाहीत, कुणीतरी कुणाला 'चांगला पोरगा आहे का?' विचारतं आणि भरून जातात. हा ओळखीचा कारभार तुमच्यासारख्यांवर अन्याय करतो, कारण तुमच्या घरी एचआरमधला मामा नसतो. पण ज्या माणसानं चारचौघांत तुमचं नाव घेतलं, त्याला तुम्ही आठ महिन्यांत एकदाही 'सर, कायम नोकरी बघतोय, कुणी विचारलं तर सांगा' म्हटलेलं नाही, हे पान सातवर आहे. तो नाही म्हणाला तर चोविसावी नोंद करा, पाचही रकाने भरून, आणि मला पाठवा. त्यानंतर माझं काही चुकलं असेल तर तेही छापू.

आणि सांगलीच्या त्या मुलाला फोन करा. दिवाळीनंतर राजगडावर हवा बरी असते. एसटीनं गेलं, डबा घरून नेला, तर फार पैसे लागत नाहीत.

व्हर्निअर पुन्हा कुणी पुढे सरकवला तर शून्य पॉइंट शून्य दोन म्हणा, आणि त्यालाच विचारा, "तुमच्याकडे गेज किती महिन्यांनी तपासता?"